डार्करूममधल्या प्रिंटला चारही बाजूंनी सारखी पांढरी बॉर्डर कशी आणायची

ठाणे आणि नवी मुंबईत पुन्हा फिल्म वापरू लागलेले बरेच जण घरच्या बाथरूममध्येच एन्लार्जर (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) मांडून प्रिंट काढतात. त्यांच्या प्रिंटमध्ये एकच दोष सतत दिसतो. टोन छान, फोकस चोख, पण पांढरी बॉर्डर डावीकडे १३ मिलिमीटर, उजवीकडे ११, आणि खालची कड एका टोकाकडे निमुळती होत गेलेली. इझल, म्हणजे कागद धरून पात्यांनी त्याच्या कडा झाकणारी चौकट, साधं असल्यामुळे असं होतं, असा समज आहे. पण चार पात्यांचं महाग इझल आणल्यावरही दोष जात नाही, कारण कामाचा क्रम उलटा असतो: आधी प्रतिमा मनासारखी लावायची, मग तिच्या कडांवर पाती सरकवायची, आणि शेवटी कागद आत घालायचा.

बॉर्डर म्हणजे कागदाच्या कडेपासून पात्याच्या कडेपर्यंतचं अंतर. प्रतिमेचा त्यात काही हात नाही. म्हणून क्रम असा हवा: कागद, मग इझल, मग एन्लार्जर, आणि प्रतिमा सगळ्यांत शेवटी. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. पहिल्यांदा यात एक अख्खी संध्याकाळ जाईल. एकदा बसवलं की पुढच्या वेळी दहा मिनिटांत होतं.

## तयारी: हाताशी काय हवं

३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी घ्या, प्लॅस्टिकची नको. स्टीलच्या पट्टीचा शून्य अगदी कडेवर असतो. प्लॅस्टिकच्या पट्टीत कडेनंतर थोडी मोकळी जागा सोडून शून्य येतो आणि अंधुक लाल उजेडात तिथेच गफलत होते. सुताराचा छोटा गुण्या लागेल. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पण घेण्याआधी तपासा: सरळ कडेला लावून एक रेघ ओढा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. शिवाय छोटी पाणसळ, बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर, टोक केलेली पेन्सिल, मास्किंग टेप, फोकस पाहायचं भिंग, आणि प्रिंटच्या मापाचे चार-पाच साधे जाड कागद.

आता इझल. दोन पात्यांच्या इझलमध्ये कागद वरच्या आणि डाव्या अडणीला (कागद अडवणाऱ्या उभ्या कडेला) टेकतो, त्या दोन बाजूंची बॉर्डर अडणी ठरवते आणि उरलेल्या दोन बाजू सरकत्या पात्यांनी ठरतात. चार पात्यांच्या इझलमध्ये चारही बाजू स्वतंत्र लावता येतात. तिसरा प्रकार ठरावीक मापाचा: ५×७ किंवा ८×१० इंचांचा कागद खाचेत सरकवायचा, बॉर्डर आधीच पक्की. हा प्रकार दिसायला अगदीच साधा, पण सतत एकाच मापाच्या प्रिंट काढणाऱ्याला मी तोच सुचवेन. त्यात सरकणारं काही नाही, म्हणून बिघडणारंही काही नाही.

फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा चोर बाजारात जुनं इझल पाहायला जाल तेव्हा गुण्या आणि नीट कापलेला ८×१० चा पुठ्ठा सोबत न्या. पुठ्ठा अडणीला लावून पाती खाली करा आणि पात्याच्या टोकाला बोटाने आडवं हलवून पाहा. पातं मुळाशी हलत असेल आणि तिथले रिव्हेट घट्ट करता येण्यासारखे नसतील तर ते इझल सोडून द्या. गंज चालेल, तो पॉलिश पेपरने निघतो. वाकलेलं पातं चालणार नाही.

सावधान: बाथरूममध्ये एन्लार्जरचा एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका. तो खांद्याच्या उंचीवर टांगा, रसायनांच्या ट्रेच्या विरुद्ध बाजूला. त्या लाइनवर ईएलसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे याची खात्री करा. ओल्या हाताने टायमरला हात लावायचा नाही.

## टप्पा १: कागदावर आधी गणित करा

सगळ्यांत जास्त निराशा इथेच होते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मची फ्रेम २४×३६ मिलिमीटर, म्हणजे २:३. ८×१० इंचाच्या कागदाचं प्रमाण ४:५. दोन्ही प्रमाणं जुळत नाहीत, त्यामुळे पूर्ण फ्रेम आणि चारही बाजूंना सारखी बॉर्डर या दोन गोष्टी एकत्र हव्या असतील तर बॉर्डरची रुंदी तुम्ही ठरवू शकत नाही. ती कागदच ठरवतो.

हिशोब सोपा आहे. कागदाच्या लहान बाजूची तिप्पट करा, त्यातून मोठ्या बाजूची दुप्पट वजा करा आणि उत्तर अर्धं करा. ही पूर्ण ३५ मिलिमीटर फ्रेमसाठी सारख्या बॉर्डरची रुंदी.

- ५×७ इंच: बॉर्डर अर्धा इंच, प्रतिमा ४×६ इंच
- ८×१० इंच: बॉर्डर २ इंच, प्रतिमा ४×६ इंच
- ११×१४ इंच: बॉर्डर अडीच इंच, प्रतिमा ६×९ इंच
- १२×१६ इंच: बॉर्डर २ इंच, प्रतिमा ८×१२ इंच

८×१० चा कागद आणि ५×७ चा कागद, दोन्हींवर प्रतिमा तीच ४×६ ची येते. म्हणून शिकताना ५×७ घ्या. त्यावर पूर्ण फ्रेम अर्ध्या इंचाच्या सारख्या बॉर्डरसह चपखल बसते, आणि कागदाचा खर्चही निम्म्याहून कमी होतो.

८×१० वरच अर्ध्या इंचाची बॉर्डर हवी असेल तर प्रतिमा ७×९ इंच होईल. त्यासाठी फ्रेमच्या लांबीतला सुमारे एक सप्तमांश भाग कापावा लागतो. काय कापायचं ते निगेटिव्ह पाहून आधीच ठरवा. हे करायचं नसेल तर ६×९ इंचाची प्रतिमा ठेवा: लांब कडांना एक-एक इंच आणि आखूड कडांना अर्धा-अर्धा इंच. समोरासमोरच्या बॉर्डर सारख्या असल्या की अशी प्रिंटही व्यवस्थित दिसते. माझा कौल यालाच, कारण कॅमेऱ्यात जी चौकट विचार करून लावली ती पूर्ण राहते.

६×६ सेंटिमीटरच्या चौकोनी निगेटिव्हला ८×१० वर सारखी बॉर्डर येणारच नाही. कागद ८×८ चा कापून घ्या. उरलेली २×८ ची पट्टी टेस्ट स्ट्रिपला, म्हणजे किती वेळ प्रकाश द्यायचा ते आजमावायला, कामी येते. ६×७ ची निगेटिव्ह मात्र ८×१० वर ७×९ मध्ये जवळजवळ पूर्ण बसते.

तपासा: बॉर्डर १० मिलिमीटरपेक्षा कमी ठेवणार असाल तर थांबा. एक मिलिमीटरची चूक १३ मिलिमीटरच्या बॉर्डरमध्ये पटकन नजरेत भरत नाही, पण ५ मिलिमीटरच्या बॉर्डरमध्ये दुरूनही दिसते. हात बसेपर्यंत रुंद बॉर्डरच ठेवा.

## टप्पा २: कागद मोजा

पाकिटावर ८×१० लिहिलं आहे म्हणून कागद २०३×२५४ मिलिमीटरचाच असेल असं धरू नका. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक सहज असतो. कागद घरी कापला असेल तर काटकोनाचीही हमी नाही.

पाकिटातला एक कागद बळी द्या. तो सेफलाइटमध्ये (कागदावर परिणाम न करणाऱ्या मंद रंगीत उजेडात) काढून थेट फिक्सरमध्ये (कागदाची प्रकाशाची संवेदना घालवणाऱ्या रसायनात) टाका, धुऊन वाळवा. तो स्वच्छ पांढरा निघेल आणि नंतर भर उजेडात वापरता येईल. पुढे याला मी नमुन्याचा कागद म्हणेन. हे रेझिन कोटेड, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदाबाबत. असा थर नसलेला फायबर कागद भिजून वाळला की त्याचं माप बदलतं, तेव्हा तिथे कोरा, न भिजवलेला कागदच नमुना म्हणून घ्या. तो उजेडात काळवंडला तरी मापाला चालतो.

नमुन्याच्या कागदाच्या चारही कडा मोजा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे भरले तर कागद काटकोनात आहे. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा फरक सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर कोणती कड तिरकी आहे ते गुण्याने शोधा आणि अडणीला नेहमी उरलेल्या दोन सरळ कडाच लावायच्या असं ठरवा. एका पाकिटातले कागद बहुधा एकाच गठ्ठ्यातून कापलेले असतात, म्हणून पाकिटातून काढताना त्यांची दिशा बदलू नका. वरची कड पाकिटाच्या तोंडाकडे, हा नियम एकदा ठरवला की अंधारातही हात चुकत नाही.

सावधान: घरच्या कटरवर एकदम पाच-सहा कागद कापू नका. पातं खालचे कागद ढकलतं आणि प्रत्येकाची लांबी वेगळी होते. एका वेळी एकच.

## टप्पा ३: इझलची परीक्षा

ही परीक्षा दिवसा, खिडकीजवळच्या टेबलावर करायची. एन्लार्जरची गरज नाही.

पहिली चाचणी, पुनरावृत्तीची. प्रिंटच्या मापाचा साधा कागद अडणीला लावा, पाती खाली करा आणि पात्यांच्या आतल्या कडेने पेन्सिलची रेघ ओढा. कागद बाहेर काढा, पुन्हा घाला, पुन्हा रेघ ओढा. असं चार-पाच वेळा. सगळ्या रेघा एकावर एक बसल्या तर इझल भरवशाचं. रेघांचा पट्टा झाला तर एक तर कागद अडणीला पूर्ण टेकत नाही, नाहीतर पाती सैल आहेत. पाती दाबून धरून चाचणी पुन्हा करा म्हणजे दोष कुठला ते कळेल. सैल स्क्रू घट्ट करा. अडणीची कड झिजून गोल झाली असेल तर पातळ कागद तिच्याखाली घुसतो, तेव्हा तिच्या पायाशी पुठ्ठ्याची बारीक सरळ पट्टी चिकटवा. ही चाचणी पास होईपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही. दर वेळी वेगळी चूक करणारं इझल कितीही मापं घेऊन सुधारता येत नाही. दर वेळी तीच चूक करणारं इझल मात्र सहज सुधारता येतं.

दुसरी चाचणी, काटकोनाची. नव्या कागदावर एकदाच रेघ ओढा. आता आठ मापं घ्या: प्रत्येक बाजूची बॉर्डर दोन्ही टोकांना. फक्त मधोमध मोजणं ही नेहमीची चूक. निमुळती बॉर्डर मध्यावर अगदी बरोबर भरू शकते. एखाद्या बाजूची दोन टोकं जुळत नसतील तर ते पातं तिरकं आहे किंवा अडणी तिरकी आहे. गुण्या अडणीच्या कोपऱ्यात बसवून आधी अडणी तपासा. अडणी बरोबर निघाली तर दोष पात्याचा.

अडणी तिरकी असल्यास तिच्या एका टोकाला मास्किंग टेपचे थर लावा. एक थर साधारण दशांश मिलिमीटरचा असतो. थर चढवा, मोजा, पुन्हा चढवा. हा तात्पुरता उपाय नाही. नीट लावलेली टेप कित्येक महिने टिकते, फक्त पावसाळ्यानंतर एकदा बदला.

तिसरी चाचणी, पट्टीवरच्या आकड्यांची. इझलवर छापलेल्या आकड्यांवर पाती लावा आणि प्रत्यक्ष बॉर्डर किती येते ते मोजा. आकडे आणि माप जुळले तर उत्तम. नसतील जुळत तर आकडे विसरा. पुढच्या टप्प्यात त्यांची गरजच पडणार नाही.

## टप्पा ४: एन्लार्जर समांतर करा

बाथरूमची जमीन नहाणीच्या जाळीकडे उतरती असते. त्यावर फळी टाकून एन्लार्जर मांडला की सगळंच तिरकं होतं, आणि मग लोक पायाखाली लाकडाचे तुकडे सरकवत बसतात. त्याची गरज नाही. एन्लार्जर जमिनीशी समतल असण्याचं कारण नाही. निगेटिव्ह, लेन्स आणि बेसबोर्ड (एन्लार्जरची खालची फळी) हे तिघे एकमेकांना समांतर असले म्हणजे झालं.

म्हणून पाणसळ तुलनेसाठी वापरा. आधी ती बेसबोर्डवर ठेवा आणि बुडबुडा कुठे थांबतो ते पाहा. मग पाणसळ त्याच दिशेने निगेटिव्ह कॅरियरच्या, म्हणजे निगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीच्या, जागी ठेवा. बुडबुडा तिथेच थांबला पाहिजे. मग लेन्सच्या पाटीवर. हे डावी-उजवी दिशा आणि पुढे-मागे अशा दोन्ही दिशांना करा. फरक असेल तर आधी हेड (दिवा आणि लेन्स असलेला वरचा भाग) वाकवायचा स्क्रू शून्यावर नीट अडकला आहे का पाहा. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. नाहीतर खांबाच्या पायाखाली पातळ पत्र्याची पट्टी घाला.

पडताळणी प्रकाशाने: कॅरियर रिकामा ठेवून दिवा लावा आणि बेसबोर्डवरच्या पांढऱ्या कागदावर पडलेला आयत मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्ण सारखे हवेत. एक बाजू मोठी भरली तर त्या बाजूला लेन्सपासून अंतर जास्त आहे.

याचा बॉर्डरशी संबंध असा. प्रतिमा तिरकी पडली तर कॅरियरच्या कडेची सावली एका कोपऱ्यात पात्याच्या आत येते. तिथे प्रकाश पोचत नाही, कागद पांढरा राहतो आणि बॉर्डरला अस्पष्ट पाचर जोडली गेल्यासारखं दिसतं. लोक दोष इझलला देतात. कड तीक्ष्ण आहे की धूसर, एवढं पाहिलं तरी फरक कळतो: पात्याची कड तीक्ष्ण असते, कॅरियरची सावली धूसर.

## टप्पा ५: आधी पाती, मग प्रतिमा

आता नमुन्याचा कागद घ्या. त्याच्या पुढच्या बाजूवर मार्करने हवा तो आयत आखा, चारही रेघा कागदाच्या आपापल्या कडेपासून मोजून. ५×७ साठी: कागद १२७×१७८, प्रतिमा १०२×१५२, बॉर्डर दोन बाजूंना साडेबारा आणि दोन बाजूंना तेरा मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक डोळ्याला दिसत नाही. आखणी मागच्या बाजूवर करू नका. कागद उलटा केला की डावी-उजवी कड बदलते आणि कागदातला तिरकेपणा उलट्या बाजूला जातो.

हा कागद अडणीला घट्ट लावा आणि प्रत्येक पातं त्याच्या रेघेवर आणा. इझलवरचे आकडे पाहायचेच नाहीत.

एवढा आटापिटा कशासाठी, ते दोन पात्यांच्या इझलवर लगेच समजतं. अडणीकडच्या दोन बॉर्डर पक्क्या असतात. उरलेल्या दोन म्हणजे कागदाच्या लांबीतून बॉर्डर आणि प्रतिमा वजा करून जे उरेल ते. कागद दीड मिलिमीटर कमी असेल तर ती सगळी तूट त्या दोनच बाजूंवर येते. आकड्यांवर पाती लावणाऱ्याची उजवी आणि खालची बॉर्डर कायम चुकते ती यामुळे. पाती कागदाच्या दूरच्या कडेपासून मोजून लावली की तूट प्रतिमेच्या मापात जिरते, आणि दीड मिलिमीटरने लहान झालेली प्रतिमा कोणाच्याही लक्षात येत नाही.

पाती लागली. आता त्यांना हात लावायचा नाही. इथून पुढे फक्त एन्लार्जरची उंची, फोकस आणि इझलची बेसबोर्डवरची जागा बदलायची.

१. लेन्स पूर्ण उघडी ठेवा आणि निगेटिव्ह घाला. ३५ मिलिमीटरसाठी ५० मिलिमीटरची लेन्स, ६×६ साठी ७५ किंवा ८० ची.

२. उंची बदलून प्रतिमा पात्यांच्या चौकटीपेक्षा किंचित मोठी करा, प्रत्येक बाजूला दीड-दोन मिलिमीटर पात्यांवर पडेल इतकी.

३. फोकस करा. फोकस केल्यावर प्रतिमेचं माप बदलतं. पुन्हा उंची, पुन्हा फोकस. दोन-तीन फेऱ्यांत स्थिर होतं.

४. इझल सरकवून आणि फिरवून प्रतिमा सरळ करा. क्षितिज किंवा इमारतीची कड पात्याशी समांतर आहे का ते पाहा. तलावपाळीवर काढलेल्या फोटोत पाण्याची रेघ बॉर्डरला तिरकी गेली तर बॉर्डर मापात असूनही वाकडी वाटते.

५. इझलच्या दोन कडांना लागून बेसबोर्डवर मास्किंग टेपचे जाड तुकडे लावा. कागद घालताना धक्का लागला तरी इझल परत जागेवर आणता येतं.

६. भिंगातून शेवटचा फोकस पाहा आणि लेन्स दोन स्टॉपने बंद करा, म्हणजे तिचं छिद्र दोन पायऱ्यांनी लहान करा.

प्रतिमेची कड आणि पात्याची कड बरोबर एकमेकींवर आणायचा मोह टाळा. कॅरियरची कड धूसर असते, ती आत आली की काठाला करडी पट्टी दिसते. बऱ्याच कॅरियरची खिडकी २४×३६ पेक्षा थोडी लहानच असते, त्यामुळे हे दीड-दोन मिलिमीटर सोडूनही फ्रेमच्या कडेचा थोडा भाग जाणारच. तो जराही जाऊ द्यायचा नसेल तर कॅरियरची खिडकी कानशीने मोठी करून फ्रेमभोवतीची काळी रेघ छापण्याची पद्धत आहे. तेव्हा पाती प्रतिमेपासून एक-दोन मिलिमीटर बाहेर ठेवतात. पण एन्लार्जर जरासाही तिरका असेल तर ती काळी रेघ एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक येते. टप्पा ४ चोख केल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

तपासा: नमुन्याच्या कागदावरच्या चारही रेघा अजून पात्यांच्या कडेवर आहेत ना? इझल सरकवताना पातं हललं असेल तर आत्ताच कळेल.

## टप्पा ६: अंधारात कागद घालणे

हात कोरडे हवेत. ट्रेच्या बाजूचा टॉवेल वेगळा आणि इझलच्या बाजूचा वेगळा. डेव्हलपरचा (प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनाचा) एक थेंब बॉर्डरवर पडला तर तो काळा डाग होत नाही, पण फिक्सरच्या बोटाचा ठसा प्रतिमेत पांढरा उमटतो.

कागदाची चकचकीत बाजू वर. आधी कागदाची लांब कड अडणीला टेकवा, मग ती टेकलेलीच ठेवून कागद कोपऱ्याकडे सरकवा, म्हणजे आखूड कड टेकेल. दर वेळी हाच क्रम. कोपऱ्यावर एका बोटाने हलकं दाबून धरा, दुसऱ्या हाताने पात्यांची चौकट हळूच खाली आणा आणि मगच बोट काढा. चौकट धाडकन सोडली की वाऱ्याने कागद मिलिमीटरभर उसळतो. बॉर्डर अधूनमधूनच चुकत असेल तर बहुधा कारण हेच असतं.

जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्याच्या हवेत कागद ओलसर होऊन मऊ पडतो आणि अडणीला टेकवताना मध्येच फुगतो. हाताला टेकल्यासारखं वाटतं, पण कड पूर्ण पोचलेली नसते. कागदाचं पाकीट सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा आणि एका वेळी लागतील तेवढेच कागद काढा. बाथरूममध्ये आंघोळीनंतर लगेच काम सुरू करू नका. भिंती कोरड्या होऊ द्या.

स्टेशनजवळच्या किंवा घोडबंदर रोडलगतच्या इमारतीत अवजड वाहतुकीचा कंप फळीपर्यंत येतो. कागद घातल्यावर काही सेकंद थांबून मगच टायमर सुरू करा.

## टप्पा ७: पांढरं पांढरंच राहायला हवं

मापात बरोबर पण करडी बॉर्डर म्हणजे अर्धंच काम. कागद डेव्हलपरमधून निघाल्यावर ती पांढरी वाटते, उजेडात कोऱ्या कागदाशेजारी ठेवली की खरं कळतं.

तुलनेसाठी एक तुकडा पूर्ण अंधारात काढून थेट फिक्स करा. हा खरा पांढरा. दुसरा तुकडा पूर्ण अंधारातच डेव्हलप करून फिक्स करा. तिसरा नेहमीच्या सेफलाइटमध्ये, नेहमीइतका वेळ उघडा ठेवून डेव्हलप करा. दुसराच करडा निघाला तर कागद जुना झाला आहे किंवा खोलीत बाहेरून उजेड येतो. फक्त तिसरा करडा निघाला तर दोष सेफलाइटचा.

मल्टीग्रेड (फिल्टरने कॉन्ट्रास्ट बदलता येणाऱ्या) कागदाला सेफलाइटसाठी फिकट तपकिरी फिल्टर, १५ वॉटचा बल्ब आणि कागदापासून किमान १.२ मीटर अंतर, असा दंडक आहे. दीड मीटर रुंदीच्या बाथरूममध्ये हे अंतर सरळ मिळत नाही. दिवा छताकडे तोंड करून लावा. साधे लाल रंगवलेले बल्ब भरवशाचे नसतात, रंगातून पांढरा उजेड झिरपतो. नाण्याची चाचणी करा: कागदाला एन्लार्जरखाली इतका थोडा प्रकाश द्या की डेव्हलप केल्यावर फिकट करडा येईल, मग त्यावर नाणी ठेवा, सेफलाइटखाली पाच-सात मिनिटं राहू द्या आणि डेव्हलप करा. नाण्यांचे गोल दिसले तर उजेड सुरक्षित नाही. कोऱ्या कागदावर ही चाचणी फसवी ठरते, कारण सेफलाइटचा थोडा परिणाम आधी प्रकाश मिळालेल्या कागदावरच उमटतो.

बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्स हा आणखी एक चोर. एन्लार्जरच्या हेडमधून निसटलेला उजेड टाइल्सवर आदळून कागदावर येतो. एन्लार्जरमागे काळं कापड टांगा. खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांना काळं प्लॅस्टिक दुहेरी लावा आणि शक्यतो रात्री काम करा.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चांगलंच तापलेलं असतं. डेव्हलपर २० अंशांना वापरायचा असतो. डेव्हलपरचा ट्रे मोठ्या ट्रेतल्या थंड पाण्यात ठेवा आणि बर्फ पिशवीत घालून बाहेरच्या पाण्यात सोडा, डेव्हलपरमध्ये नाही. गरम डेव्हलपरमध्ये जुना कागद लवकर करडा पडतो.

## इझल नसेल तर

एकाच मापाच्या प्रिंट हव्या असतील तर घरी बनवलेला मास्क उत्तम चालतो. सपाट फळीवर दोन सरळ पट्ट्या काटकोनात चिकटवून अडणी करा. काळ्या माउंट बोर्डात १०२×१५२ मिलिमीटरची खिडकी कापा आणि बोर्ड एका बाजूने कापडी टेपने फळीला बिजागरीसारखा जोडा. खिडकीची जागा अडणीपासून मोजून ठरवा आणि मगच टेप पक्की करा.

जास्त टिकाऊ हवा असेल तर वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याला लेझर कटिंग करणाऱ्यांकडून काळ्या अॅक्रिलिकचा कापून घ्या. रेखाटन मिलिमीटरमध्ये द्या, इंचात नको. चकचकीत अॅक्रिलिक प्रकाश परावर्तित करतं, त्यामुळे वरची बाजू आणि खिडकीची कड बारीक पॉलिश पेपरने घासून मंद करा. वापरण्याआधी मास्क बल्बसमोर धरून आरपार उजेड येत नाही ना, ते पाहा.

## दोषावरून कारण

प्रत्येक प्रिंटवर तीच बाजू तितकीच चुकते: कागदाचं माप गृहीत धरलं आहे किंवा इझलवरच्या आकड्यांवर विसंबला आहात. टप्पा २ आणि ५.

एक बाजू निमुळती, कड तीक्ष्ण: अडणी, पातं किंवा कागद तिरका. प्रिंट काढल्यावर तिचे कर्ण मोजा म्हणजे कागद सुटतो की अडकतो ते कळेल.

एक बाजू निमुळती, कड धूसर: कॅरियरची सावली. टप्पा ४, किंवा प्रतिमा आणखी थोडी मोठी करा.

कधी बरोबर, कधी चूक: कागद घालण्याची पद्धत, सैल पाती, किंवा ओलसर कागद.

ओली असताना बरोबर, वाळल्यावर चूक: फायबर कागद. तो भिजल्यावर वाढतो आणि वाळताना दोन दिशांना सारखा आकसत नाही. त्याची बॉर्डर पूर्ण वाळल्यावरच मोजायची.

वाळलेल्या प्रिंटची रुंद बाजू कटरने छाटून बॉर्डर सारखी करता येते, त्यात गैर काही नाही. फक्त मग एका मालिकेतल्या प्रिंटची बाहेरची मापं वेगवेगळी होतात आणि त्या एकाच फ्रेममध्ये किंवा पेटीत बसत नाहीत. प्रिंट खिडकीच्या माउंटमध्ये जाणार असेल तर कागदाची बॉर्डर झाकलीच जाते, तेव्हा तिथे मेहनत माउंट कापण्यावर घ्या.

नमुन्याच्या कागदावर पाकिटाचं नाव, तारीख, एन्लार्जरच्या खांबावरची उंची आणि लेन्स मार्करने लिहून तो त्याच पाकिटात ठेवा. नवीन पाकीट फोडलं की नवा नमुना करायचा, जुन्यावर पाती लावायची नाहीत.